लोणगव्हाणची गढी आणि माझा कोपरा

किल्ला बघायला निघालेल्या माणसाला किल्ला दिसावा, एवढीच माझी माफक अपेक्षा असते. लोणगव्हाणला ती पहिल्या पाच मिनिटांतच धुळीला मिळाली.

बन्सीधर आणि मी कॉलेजात असताना एका खोलीत राहायचो. तो कन्नडकडचा, मी चिपळूणचा. मी आंब्या-फणसाच्या बढाया मारायला लागलो की तो त्याच्या गावची गढी काढायचा. गढीला सात बुरूज, गढीच्या भिंतीवरून बैलगाडी जाईल एवढी रुंदी, गढीत उतरलेल्या बैलांच्या तांड्यांना पाणी पाजायला वेगळी बारव. पुढे मी चिपळूणला चित्रकलेचा मास्तर झालो, तो संभाजीनगरात गणिताचा. सुट्टी पडली की मी किल्ले हिंडायचो आणि त्याला फोटो पाठवायचो. त्याचं दर वेळी एकच उत्तर यायचं, "आमची गढी बघितली नाय तवर तुझं समदं वाया."

तर यंदा मे महिन्याच्या अखेरीला गेलो. "मे महिन्यात मराठवाडा? डोकं ठिकाणावर आहे ना?" असं बायकोनं विचारलं. प्रश्न रास्त होता. संभाजीनगरच्या क्रांती चौकात उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि डांबर मऊ पडलं होतं. बन्सी घ्यायला आला, त्याने आधी मला उसाचा रस पाजला, मग मिठी मारली. त्या रात्री नान-खलिया खाल्ला. एवढा मोठा मऊ नान आणि वर हळदीच्या रंगाचा मटणाचा रस्सा पाहून आमच्या भाकरी-सांदणांबद्दल मी दोन दिवस काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कन्नडपर्यंत एस.टी. आणि पुढे जीप. त्याचं वर्णन करत नाही. बसलो आणि उतरलो. उतरलो तो एका वडाच्या पाराशी. बन्सीने हात लांब करून सांगितलं, "ही आमची गढी."

मी त्याच्या हाताच्या दिशेने पाहिलं. मग थोडं पलीकडे पाहिलं. मग बन्सीकडे पाहिलं.

गावाच्या मधोमध दोन मजल्यांएवढा पांढऱ्या मातीचा ढिगारा होता. त्यावर चार बाभळी, आणि बाभळींखाली शेळ्या. खाली एका बाजूला छातीएवढ्या उंचीचं घडीव काळ्या दगडाचं जोतं तेवढं धड होतं, आणि एक बुरूज, तोही निम्मा. जागोजागी कुणीतरी खणून नेल्यासारखे खड्डे पडले होते.

"सात बुरूज कुठंयत?" मी विचारलं.

"व्हते," बन्सी म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून चालायला लागला. चाळीस वर्षं जुनी दोस्ती नसती तर मी त्याच जीपने परत गेलो असतो.

आसारामभाऊंच्या घरी

बन्सीचे थोरले भाऊ आसारामभाऊ गावातच राहतात. सत्तरीचे असतील. मका, कपाशी आणि आलं करतात. ह्या भागात आल्याचं पीक फार. गल्लीत शिरलं तरी हवेत आल्याचा वास येतो, जणू सगळं गाव चहाला बसलंय. भाऊ फारच कमी बोलतात. माझ्यासारख्या माणसाला असे लोक धोकादायक वाटतात, कारण आपण बोलत सुटतो आणि ते ऐकत राहतात.

जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि आंब्याचा रस. येसर म्हणजे धान्यं आणि डाळी भाजून केलेलं मसाल्याचं पीठ. लग्नकार्यात त्याची आमटी करतात. "पाव्हणे कोकणातले, तिखट झेपंल का वो?" असं वहिनींनी आतून विचारलं. मी छाती काढून "झेपेल" म्हणालो आणि पुढची दहा मिनिटं रस पीत बसलो.

जेवताना भाऊंनी गावची हकीकत सांगितली, तीही मी विचारली म्हणून. दौलताबादेकडून खानदेशात उतरणारे बैलांचे तांडे घाट उतरण्याआधी लोणगव्हाणला मुक्काम करायचे. त्यामुळे इथं पेठ होती, सराई होती. रंगारगल्लीत आज एकही रंगारी नाही, सराईच्या जागी सोसायटीचं खतांचं गोदाम आहे. मंगळवारचा बाजार मात्र त्या काळापासून आजवर कधी चुकलेला नाही.

"आणि गढी कशी पडली?" मी विचारलं.

"पडली नाय," भाऊ म्हणाले. पुढे काही बोलायच्या आत त्यांना शेतातल्या मोटरीची लाईट आल्याचा कुणीतरी आवाज दिला, आणि ते शेताकडे गेले. ते दोन शब्द मी तेव्हाच नीट ऐकायला हवे होते.

दुसरी सकाळ

उन्हं चढायच्या आत स्केचबुक घेऊन गढीवर गेलो. बुरुजाच्या पोटाशी एक बाई टिकावाने माती खणत होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, हिरवं लुगडं, शेजारी दोन पाट्या. एक भरली होती, दुसरी भरत होत्या.

माझ्यातला मास्तर जागा झाला. "काय करताय बाई?"

"माती न्यायलेय."

"कुणाला विचारून?"

"गढीला इचारलंय की," असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं. एका दगडावर ज्वारीचे पाच दाणे ठेवले होते.

मग मी इतिहासावर बोललो. ही तुमच्या पूर्वजांची ठेव आहे, एकेक पाटी करून तुम्ही ती संपवताय, उद्या नातवंडांना काय दाखवाल, वगैरे. वर्गात हे भाषण चांगलं चालायचं. बाईंनी टिकावावर हात ठेवून ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुठले म्हनायचे तुमी?"

"चिपळूण. कोकण."

"लई लांबून आलात की वो. पानी पेलं का?"

मी मोबाइल काढला. त्यांना वाटलं मी हौसेने फोटो काढतोय. त्यांनी पदर नीट केला, कपाळावरचा घाम पुसला, पाटी डोक्यावर घेतली आणि ताठ उभ्या राहिल्या. "नीट येऊ द्या बरं का." फोटो काढल्यावर दाखवायला लावला. बघून खूष झाल्या.

खाली उतरेपर्यंत मी तो फोटो आमच्या किल्लेवाल्यांच्या गटावर टाकला होता. खाली लिहिलं, "डोळ्यांदेखत इतिहासाची लूट!" पंचवीसेक लोकांचा हा गट. त्यातले निम्मे सकाळी फक्त फुलांची चित्रं पाठवतात. पण त्या दिवशी नेमके सगळे जागे झाले. संतापाचे लाल चेहरे, जोडलेले हात, "कारवाई झालीच पाहिजे." कुणाचा मेहुणा कन्नडला कुठल्याशा कचेरीत होता, त्याच्यापर्यंत फोटो गेला. मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दिवसभर बन्सीबरोबर गाव पाहिलं. बारव सुंदर आहे; पायऱ्या अजून शाबूत, तळाला हिरवं पाणी आणि कोनाड्यांत पारवे. आमच्याकडे विहीर म्हणजे अंगणातलं जांभ्या दगडाचं गोल तोंड, खाली बघायचं आणि पोहरा सोडायचा. इथं माणूस पाण्यापर्यंत चालत जातो. मी दोन चित्रं काढली. दुसऱ्या चित्राच्या वेळी वरून पारव्याने आपला अभिप्राय दिला, तो अजून त्या पानावर आहे.

संध्याकाळी घरी आलो तर ओसरीवर सरपंच बसलेले. तरुण माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला बघून उठून उभे राहिले. "सर, तुमी तर कमालच केली. दोन वर्ष झाले, गढीला बोर्ड लावा म्हून मी कागद फिरवतोय, कुणी दाद देईना. आज तालुक्यावरून सोताहून फोन! उद्या सकाळी बोर्ड लागतोय. आन् तुमचा सत्कार हाय, नाय म्हनायचं नाय."

मी नाही म्हणालो नाही. आसारामभाऊ खांबाला टेकून सुपारी कातरत होते. ते वर बघत नव्हते.

सत्कार

मारुतीच्या देवळापुढे चाळीसेक माणसं जमली. शाल, श्रीफळ, टोपी. शाल विटकरी रंगाची, अंगाला टोचणारी, मे महिन्यातल्या सकाळी नऊ वाजता. गढीच्या जोत्याशी पत्र्याचा बोर्ड ठोकला होता, रंग अजून ओला: "गढीवरून माती नेण्यास सक्त मनाई." टाळ्या झाल्या. मी दोन शब्द बोललो, म्हणजे वीस मिनिटं.

बोलता बोलता गर्दीच्या मागे मला हिरवं लुगडं दिसलं. त्याच बाई. काखेत रिकामी पाटी होती. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या आणि रागावलेल्याही दिसत नव्हत्या. बोर्डावरची अक्षरं त्या एकेक करून वाचत होत्या, ओठ हलवत. वाचून झाल्यावर पाटी उलटी डोक्यावर ठेवून उन्हाच्या आडोशासारखी धरली आणि निघून गेल्या.

घरी येऊन जेवलो. हात धुतल्यावर भाऊ म्हणाले, "सर, जरा वर येता का?"

घराचा पुढचा भाग सिमेंटच्या स्लॅबचा, मागचा जुना धाब्याचा. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत: लाकडी तुळया, त्यावर काटक्या आणि पाला, त्यावर मातीचा जाड थर. मी शिडीने वर चढलो. पायाखाली गार वाटलं, भर दुपारी. भाऊंनी मला मधोमध उभं केलं.

"तुमाला गढी बघायची व्हती ना?"

"हो."

"मंग बघा. तिच्यावरच उभे हायत तुमी."

मी खाली पाहिलं. पांढरी माती. मान वर केली. वरून सगळं गाव दिसत होतं. स्लॅब आणि काळ्या टाक्यांच्या मध्ये मध्ये अजून वीस-पंचवीस पांढरी धाबी होती. आणि मधोमध तो ढिगारा, त्याच पांढऱ्या रंगाचा.

भाऊ बोलले, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना पुन्हा ऐकलं नाही.

त्यांच्या आजाच्या वेळी एका उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीला आग लागली. वारा होता. एका दुपारीत अर्धं गाव जळालं. तुळया जळाल्या, धाबी खाली बसली. पाऊस पंधरा दिवसांवर आला होता आणि लोक झाडाखाली. गढीत तेव्हा गढीच्या मालक देशमुखांची विधवा सून एकटी राहायची. तिला गाव वहिनीसाहेब म्हणायचं. तिने दरवाजा उघडला आणि सांगितलं, भिंती पाडा. माती न्या, लाकूड न्या, घरं उभी करा.

"कारभारी म्हनले, वहिनीसाहेब, भिंती पाडल्यावर गढीत राहिलं काय? तर म्हनली, गावच नसंल तर गढी कुणाची?"

"मग?"

"एकच अट घातली. ज्यानं नेली, त्याचं घर जवा कवा मोडंल, तवा माती परत गढीवर आणून टाकायची. गावाबाहेर नाय, शेतात नाय. परत गढीवर. ती पांढरी माती लई भारी, पानी आत घेत नाय. दर साली पावसाआधी धाब्याला थोडी थोडी लागती, ती बी तिथूनच न्यायची. न्यायच्या आधी पाच दाणे ठिवायचे. सर, तुमी म्हनता त्यो ढीग, त्यो पडलेला वाडा नाय. त्यात लोकांची घरं हायत. मोडलेली, परत आणून टाकलेली. माझ्या आज्याचं घर बी त्यातच हाय."

सात बुरूज गेले कुठे, हे मी दोन दिवस विचारत होतो. ते लोकांच्या डोक्यावर होते. आणि ज्या बाईला मी लुटारू ठरवलं, ती ह्या गावातला सगळ्यांत जुना नियम पाळत होती, पाच दाण्यांसकट.

"भाऊ, तुम्ही काल का नाही बोललात?"

"पाव्हण्याला कसं बोलावं? आन् सरपंच इतका खूष झाला व्हता. शाल आनायला सोता कन्नडला गेलता," ते म्हणाले.

गयाबाईंचं धाबं

बाईंचं नाव गयाबाई. मेंढपाळाचं घर. मुलगा आणि सून मेंढरं घेऊन खानदेशात उतरले होते, गयाबाई मागे चार शेळ्या सांभाळून आल्याच्या रानात रोजाने जात. घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं. आम्ही तिघे गेलो तेव्हा त्या दाराशी शेळीच्या पायातला काटा काढत होत्या.

छतावर चढून पाहिलं. नवी माती चढवायच्या आधी जुना भुसभुशीत थर खरवडून काढावा लागतो. तो त्यांनी काढला होता. बोर्ड लागेपर्यंत नव्या मातीच्या जेमतेम आठ पाट्या वर पडल्या होत्या. उरलेलं सगळं छत उघडं. कुठे कुठे काटक्या दिसत होत्या. पश्चिमेला ढगांची काळी पट्टी धरून होती. रोहिणी नक्षत्र चार दिवसांपूर्वीच लागलं होतं.

"पाऊस कधी येतो इथं?" मी विचारलं.

"त्याला काय निरोप धाडतो का त्यो?" गयाबाई म्हणाल्या. "चार दिसांत येईल, न्हाय तर पंधरा दिसांत."

मग बन्सीने हळूच सांगितलं. त्यांची लेक शेंद्र्याला दिलेली, जावई कारखान्यात आहे. लेकीला सातवा सरला होता. पहिलं बाळंतपण. ती ह्याच आठवड्यात माहेरी यायची होती, ह्याच दोन खोल्यांत.

मी माफी मागितली. चारचौघांत, हात जोडून. आयुष्यात अशी वेळ फार वेळा आलेली नाही, त्यामुळे नीट जमलीही नसेल. गयाबाई संकोचल्या. "असू द्या वो सर. तुमाला काय ठावं? तुमच्याकडं कौलं. फोटू मातर झकास आला व्हता."

ते वाक्य मला फार लागलं.

तडक सरपंचांकडे गेलो. बोर्ड काढा म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला. "सर, मला तर गढीच्या नावाचा बोर्ड पायजे व्हता, मनाईचा मजकूर तालुक्यावरून आला. आता सकाळी बोर्ड लावल्याचा फोटू तालुक्याला धाडला, सांजच्याला काढल्याचा धाडू? लोक मला येड्यात काढतील. ग्रामसभेत ठराव घ्यावा लागंल. म्हैना तर लागंल." त्यांचंही चूक नव्हतं. माझंच पाप माझ्यापुढे बोर्ड होऊन उभं होतं.

परत येताना आसारामभाऊ गोठ्यामागे थांबले. तिथे प्लास्टिकच्या कागदाखाली मातीचा मोठा ढीग होता. पांढरी माती.

"ही जुन्या गोठ्याची," भाऊ म्हणाले. "दोन वर्षांमागं गोठा मोडला, पत्रे टाकले. नियमानं ही तवाच गढीवर जायला पायजे व्हती. कामाच्या नादात राहिली." मग त्यांनी जमिनीकडे बघत पुढे सांगितलं, "कामाच्या नादात बी नाय. आल्यात टाकावी आसं मनात आलं व्हतं. खत म्हून लई चांगली. गावात कुणालाच बोललो नाय. म्हून काल तुमाला बोलायला तोंड नव्हतं."

त्यांनी ढिगावरचा कागद बाजूला सारला.

"पण ही परत गढीवरच जायला हवी ना?" मी विचारलं. नुकताच शिकलेला नियम. विद्यार्थी नवा असला की जास्त कडक असतो.

"गढीवर न्यायची आन् तिथून गयाबाईनं आनायची," भाऊ म्हणाले. "मधला एक हेलपाटा वाचवू. वहिनीसाहेब काय रागावायच्या नाय." तरी त्यांनी खिशातून पाच दाणे काढले आणि आधी गढीवर जाऊन ठेवून आले. बोर्डाच्या अगदी खाली.

माझा कोपरा

पुढचे दोन दिवस मी प्रवासी नव्हतो, गडी होतो. माती चाळायची, घमेल्यात भरायची, शिडीवरून वर द्यायची. बन्सी खाली, मी शिडीवर, गयाबाई आणि शेजारच्या दोन बायका वर. पाणी शिंपडून चोपण्याने चोपायचं. चोपणं म्हणजे लांब दांड्याची लाकडी फळी. मी पहिल्याच तासाला अंगठ्यावर मारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सरपंचही आले. इस्त्रीचा शर्ट काढून बाभळीला अडकवला आणि घमेलं उचललं.

"सर, तुमी किल्ल्याचे मानूस," गयाबाई म्हणाल्या, "ह्यो कोपरा तुमचा." पन्हळीजवळचा कोपरा, जिथून पाणी बाहेर पडतं.

मी मन लावून काम केलं. कोकणात जन्म गेला; पाणी कसं काढायचं हे मला शिकवायला नको. मी चांगला उतार दिला. गयाबाईंनी येऊन पाहिलं, मान तिरकी केली.

"लई उतार झाला वो सर."

"पाणी पटकन पळेल."

"पानी पळवायचं नसतंय. हळूहळू चालवायचं. पळालं की मातीला संगं घिऊन जातंय."

मी त्यांना आमच्याकडचा पाऊस किती असतो, छपरं कशी उभी असतात, ते समजावून सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरं, असू द्या," म्हणाल्या. "तुमच्या हाताचं म्हून ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी काम संपलं. अंग ठणकत होतं. सगळे छतावरच बसलो आणि गयाबाईंनी बिनदुधाचा, आलं ठेचून घातलेला चहा आणला. समोर गढी होती. चार दिवसांपूर्वी मला तिथं ढिगारा दिसला होता. आता मी तिथं कुणाचं स्वयंपाकघर असेल, कुणाची माजघराची भिंत असेल, असं बघत बसलो. एखाद्या किल्ल्यासमोर इतकं शांत मला क्वचितच वाटलंय.

निघताना ती विटकरी शाल मी गयाबाईंच्या हातात ठेवली. "लेकीला द्या." त्यांनी ती हाताने चाचपून पाहिली. "टोचतीय," म्हणाल्या, आणि ठेवून घेतली.

चिपळूण

घरी आल्यावर गटावर सगळी हकीकत लिहिली, चूक माझी होती हेही लिहिलं. चांगला दीड हातभर मजकूर. त्यावर दोन अंगठे आले, आणि पुढच्या सकाळी गुलाबाचं फूल. कुणाच्या मेहुण्यापर्यंत ते पोचलं नाही. लुटीची बातमी जितकी धावते तितकी माफीची धावत नाही, एवढं ज्ञान पदरी पडलं.

जून गेला, जुलै गेला. आमच्याकडे पावसाने जीव नकोसा केला. रात्री कौलांवर धो-धो आवाज सुरू झाला की मला लोणगव्हाणचं छत आठवायचं. मग एका दुपारी बन्सीचा फोन आला. तो गावीच होता. ग्रामसभेचा ठराव झाला होता; बोर्डावरचं "सक्त मनाई" खोडून तिथे "घर मोडल्यास माती येथे आणून टाकावी" असं लिहिलं होतं. सगळ्यात आधी आसारामभाऊंनी गोठ्याची उरलेली माती ट्रॉलीत भरून वर नेऊन टाकली, दिवसाढवळ्या, सगळ्यांना दिसेल अशी.

"थांब, गयाबाईला देतो," तो म्हणाला.

"सर, नात झाली," गयाबाई ओरडल्या. फोनवर लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं, अशी त्यांची समजूत असावी. "तुमच्याच शालीत गुंडाळून ठिवलीय. धुऊन धुऊन मऊ पडली."

मग इतके दिवस जे विचारायचं होतं ते विचारलं. "आणि धाबं? गळत नाही ना?"

"नाय वो! एक थेंब नाय. लई पाऊस झाला, पर एक थेंब नाय." मग त्या थोड्या थांबल्या. पलीकडून बाळाचा बारीक आवाज येत होता, आणि त्याच्या जोडीला आणखी एक, टप, टप, टप.

"तुमचा कोपरा तेवढा गळतोय. घमेलं ठिवलंय त्याच्याखाली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पर तुमी वाईट वाटून घिऊ नका. कुणाला हात लावू दिला नाय मी त्याला. उन्हाळ्यात या. माती चाळून ठिवते."